भट्टीतले केस

मालक म्हणत, केस कच्चा असतो,
पिठासारखाच. शिजवल्याशिवाय वळण धरत नाही.

म्हणून आम्ही तो मातीच्या नळ्यांवर गुंडाळायचो,
तीन तास उकळायचो, वाळवायचो,
जाड कागदात बांधून न्यायचो
ओनेझिम भटारीकडे, सां-मॅक्लूच्या मागच्या बोळात.
तो राय धान्याच्या कणकेत पुडकं लपेटायचा,
कडा अंगठ्यानं दाबून बंद,
आणि पहाटेच्या पावांशेजारी भट्टीत सरकवायचा.
आमच्या रुआँ शहरात दोन तऱ्हेचे पाव भाजले जात:
एक खायचे,
एक डोक्यावर घालायचे.

निवल्यावर कवच फोडायचं.
आत कुरळे, कोवळे, जळक्या लोकरीचा वास.
उमेदवारी करणारी पोरं ते कवच खायची.
दातांत केस अडकलाच तर ओढून काढायची, हसायची:
ही बघ, ब्रिटनीची बाई.

केस तिथूनच यायचे बहुतेक.
जूनच्या जत्रेत पोरी बाकावर ओळीनं बसत,
दलाल एकेकीची वेणी तळहातावर जोखून बघे.
बदल्यात एका झग्यापुरतं छीट.
कात्री फिरली की वर पुन्हा पांढरी टोपी, घट्ट.
गावात कळत नसे.
नवऱ्याला कळे.

पिवळे महाग, खरे पांढरे त्याहून महाग.
मेलेल्याचे घेऊ नयेत असा नियम.
पुडीत बांधलेला केस कुठे सांगतो,
त्याखालचं डोकं गार होतं की गरम?
कोचमनसाठी घोड्याची शेपटी.

मी निरक्षर. तीन रेशमी दोऱ्यांवर
केस वर, खाली, वर, खाली ओवायचे,
दोन डोंगर शेजारी शेजारी उभे राहायचे.
मालक म्हणाले, राडगोंद, हे तर एम अक्षर.
चाळीस वर्षं मी ते एकच अक्षर लिहिलं
वकिलांच्या, व्यापाऱ्यांच्या, न्यायाधीशांच्या डोक्यांवर.
कुणी वाचलं नाही.
ते आतल्या बाजूला असे.

मस्यू द ब्रेकूर दर शनिवारी येत. न्यायाधीश.
त्यांचा टोप खांद्यांखाली उतरायचा,
मानेला रग लागायची, तरी म्हणायचे, अजून थोडा भरा.
डोईजड असल्याखेरीज माणूस मोठा दिसत नाही, नाही का?
तो उतरवला की खाली
सोललेल्या अंड्यासारखं टक्कल,
उजव्या कानामागं अंजिराएवढा जन्मखूण.
तेवढ्यापुरते ते माझ्याकडे बघत नसत.

सीन नदी गोठली त्या हिवाळ्यात
ओनेझिमच्या दारात रात्री तीनपासून रांग.
पाव नव्हता. बायका नुसत्या वासासाठी उभ्या.
आणि आमच्या मागच्या खोलीत
मस्यू तोंडावर कागदी शंकू धरून बसलेले,
पोरगा भात्यानं पीठ उडवतोय, गव्हाचं, चाळलेलं,
टोपावर थोडं, जमिनीवर पुष्कळ.
मी झाडलं.
झाडलेलं एप्रनच्या खिशात गेलं.
त्या रात्री आमच्या सूपला
व्हायोलेटच्या फुलांचा वास येत होता.
मुलानं दोनदा मागून घेतलं.

मग ओनेझिम एके सकाळी म्हणाला,
केसांना कणीक नाही. आजपासून कधीच नाही.
एवढंच. पुडकं त्यानं उंबऱ्यावर ठेवलं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे,
ज्यांना नाही त्यांनी मला विचारू नये.
मालक बटणं विकू लागले.
मस्यू शेवटचे आले ते अंधार पडल्यावर, स्वतःच्या चार केसांनिशी,
कोटाखालून टोप काढून म्हणाले,
ठेवाल? थोडे दिवस.
मी खालच्या खणात ठेवला.
न्यायला कुणी आलं नाही.

परवा दोरा शोधताना तो खण उघडला.
टोपाच्या पोटात उंदरीण व्यालेली.
माझं एम अक्षर कुरतडून तिनं गादी केली होती,
ब्रिटनीच्या कुणा पोरीच्या वेणीवर
सहा पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेले,
अंगावर एक केस नाही.

मी खण हळूच लावून घेतला.
दोरा शेजारणीकडून आणला.